कडुनिंबाखालचे गोटे

कुठल्याही नव्या बागेत पाऊल टाकलं की काका आधी उकिडवे बसत. आपण बाग उभ्यानं बघतो, हात मागे बांधून, कौतुकानं मान हलवत. ते पँट गुडघ्यापाशी जरा वर ओढत, कण्हत-कुंथत खाली बसत आणि मान तिरकी करून बाकाखाली, कठड्याच्या कोपऱ्यात, झाडाच्या बुंध्याशी बघत राहत. मग वर न बघताच विचारत, "हे झाडणार कोण?"

पहिल्यांदा मी हा प्रश्न ऐकला तेव्हा मला भयंकर राग आला होता, कारण त्या बागेचा नकाशा माझा होता.

बागा, चौक, मोकळ्या जागा यांचे नकाशे काढणं हा माझा धंदा. पुण्यात शिकले, नोकरीसाठी दिल्लीला आले आणि मयूर विहारमधल्या एका सोसायटीत घर घेतलं. काका आमच्याच सोसायटीत, दोन मजले खाली. मूळचे वाईचे. केंद्र सरकारच्या बागांच्या देखभालीत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून बागा सांभाळण्याचे ठेके घेणाऱ्या एका माणसाकडे देखरेखीला जाऊ लागले. इतकी वर्षं दिल्लीत काढूनही मराठी खणखणीत होतं, फक्त मध्ये मध्ये 'अच्छा' आणि 'बिल्कुल' घुसलेलं. मला ते 'बेटा' म्हणत. रागावले की 'मॅडम' म्हणत, आणि तेव्हा आपण गप्प बसावं हे उत्तम.

आता तुम्ही म्हणाल, माणूस फार टापटिपीचा असणार. कसलं काय! त्यांच्या खोलीत वर्तमानपत्रांचे गठ्ठे, बियांच्या पुड्या, गंजलेल्या कात्र्या आणि तुटक्या झाऱ्या यांतून वाट काढत जावं लागे. काकू म्हणायच्या, "सगळ्या दिल्लीचं झाडतात आणि इथे मला पाय ठेवायला जागा नाही." काका ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि मला गठ्ठ्यावरच बसायला सांगत.

आमच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींचा गणपती असतो. रोजच्या महाप्रसादाला दोनेकशे माणसं येतात आणि दरवर्षी जेवणानंतर अंगण उकिरडा होतं. एका वर्षी काका त्यात पडले. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही, फक्त द्रोण हातात घेतलेल्या माणसांच्या मागे मागे फिरले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला वाढलेलं नाही. दोघीतिघींनी त्यांना शिरा आणून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडपाच्या शोभेसाठी दारात मांडलेले कचऱ्याचे डबे उचलले आणि भलत्याच ठिकाणी ठेवले. एक पाण्याच्या पिंपाशेजारी, एक चपलांपाशी, एक जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ. मला म्हणाले, "माणूस शेवटचा घास जिथे खातो तिथे डबा हवा. आपल्याला जिथे बरा दिसतो तिथे नव्हे." त्या संध्याकाळी अंगणात एकही द्रोण सापडला नाही. तेव्हापासून मी त्यांना माझे नकाशे दाखवायला लागले.

नकाशा बघायची त्यांची तऱ्हा वेगळीच होती. झाडं, कारंजी, फुलांचे ताटवे यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. नळ कुठे आहे ते आधी शोधत. सापडला की बोटानं तिथून बागेच्या दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढत आणि विचारत, "बादली भरून इथपर्यंत कोण नेणार, तू?" मग हातगाडीला उतार आहे का, की सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या. मग बाकाचे पाय मोजत. बाकाला जितके पाय तितके कोपरे, आणि कोपरा दिलात की कचरा तिथे बिऱ्हाड करतो, असं त्यांचं म्हणणं. बाक भिंतीतून काढावा, खाली मोकळं ठेवावं, खराटा एका हातानं आरपार गेला पाहिजे.

शेंगांचं तर त्यांनी मला जन्मभराचं शिकवलं. दिल्लीच्या थंडीत ऊन पडलं की माणसं बागेत येऊन पाठ शेकत बसतात आणि भुईमुगाच्या शेंगा खातात. टरफलं पायाशी. आमच्या क्षेत्रातली हुशार माणसं यावर बोर्ड लावतात. काका म्हणायचे, बोर्ड वाचून शेंगा थांबवलेला माणूस मला दाखवा. माणूस खाणारच, टरफल पडणारच. ते हिरवळीवर पडू द्यायचं की फरशीवर, एवढंच आपल्या हातात आहे. हिरवळीतलं टरफल झाडणाऱ्या बाईला वाकून वेचावं लागतं, फरशीवरचं एका फटक्यात निघतं. म्हणून उन्हाच्या बाजूच्या बाकांपुढे दोन हात रुंदीची सपाट फरशी काढ, हिरवळ तिच्यापलीकडे. मी काढली. ती बाग आजही स्वच्छ आहे, आणि तिथल्या लोकांना वाटतं आपणच फार सुसंस्कृत.

इतकं सगळं शिकूनही मी गाझियाबादच्या बागेत माती खाल्ली.

एका नव्या वसाहतीला लागून असलेली ती सार्वजनिक बाग. बांधून देणार बिल्डर, नकाशा आमच्या ऑफिसचा, आणि पुढची देखभाल काकांच्या ठेकेदाराकडे. जागेवर आधीपासून कडुनिंबाची मोठी झाडं होती, रांगेनं नऊ. मी जागा बघायला गेले ती ऑक्टोबरात, झाडं हिरवीगार. मी त्यांच्याखाली लांबच लांब पांढऱ्या गोट्यांचा पट्टा काढला. वर हिरवं, खाली शुभ्र. कुठल्याशा परदेशी मासिकात तसं बघितलेलं डोक्यात होतं. कॉम्प्युटरवर चित्र असं देखणं आलं की आमचे सर उठून माझ्या टेबलापाशी आले. काकांना हा नकाशा मी दाखवला नाही. वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण सांगते, ते काय म्हणतील ते मला ठाऊक होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

जानेवारीत बाग ठेकेदाराच्या ताब्यात द्यायची होती. ताब्याच्या कागदावर सही काकांची. ते आले ते एकटे नव्हे, कमलेशला घेऊन. कमलेश म्हणजे ती बाग झाडायला नेमलेली बाई. जवळच्या खोडा वस्तीत राहायची, चाळिशीची, बोलायला तिखट. बरोबर स्वतःचा खराटा आणला होता. काकांनी बिल्डरच्या माणसाला, आमच्या सरांना आणि मला उभं केलं आणि तिला म्हणाले, "चलो, शुरू करो."

रस्ता तिनं बघता बघता झाडला. मग ती गोट्यांवर आली. पहिल्या फटक्याला चार गोटे उडून रस्त्यावर पडले आणि पानं जागेवरच राहिली. दुसऱ्या फटक्याला तेच. कडुनिंबाचं पान केवढंसं, ते गोट्यांच्या फटीत जाऊन बसलं की खराट्याला सापडतच नाही. तिनं खराटा बाजूला ठेवला आणि बसून हातानं वेचायला लागली. आम्ही सगळे बघत उभे.

काका म्हणाले, गोटे काढा, खाली मोकळी माती ठेवा, मी आत्ता सही करतो. पान मातीत पडलं तर खत, गोट्यांत पडलं तर घाण. मार्च-एप्रिलमध्ये ही नऊच्या नऊ झाडं एकदम गळतील, तेव्हा काय कराल? बिल्डरचा माणूस हसला. आमचे सर म्हणाले, थोडा मेंटेनन्स तर लागतोच. 'लागतोच' म्हणे! कुणाला लागतो? त्यांना लागतो का मला? तो कमलेशच्या कंबरेला लागतो. पण हे मी आत्ता म्हणते आहे. तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मोबाइल बघायला लागले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सही न करता निघाले.

परतीला आम्ही दोघं मेट्रोत एकत्रच होतो. मी मनाची तयारी केली होती की आता 'मॅडम' ऐकावं लागणार. यमुना बँक स्टेशनवर गाडी बदलली तेव्हा ते सांगायला लागले की तरुणपणी त्यांनी एका शाळेबाहेर पिण्याच्या नळाभोवती हिरवळ लावली होती. आठवड्यात तिथे चिखल झाला, पोरं घसरून पडायला लागली आणि मुख्याध्यापिका माळ्यावर खेकसायला लागली. "चूक सगळ्यांची होते, बेटा," ते म्हणाले. "मी ती हिरवळ स्वतः उकरून काढली. तू एक कागद लिहून दे, की गोटे काढायला माझी हरकत नाही, नकाशा मी बदलते. बिल्डर माझं ऐकणार नाही, पण नकाशावालीचं ऐकेल. नाहीतर ती बाई जाणार बघ."

मी म्हटलं, सरांशी बोलते.

बोलले नाही. त्या बागेचा नकाशा एका स्पर्धेला पाठवायचा होता आणि त्यातलं मुख्य चित्र त्याच पट्ट्याचं होतं. आता काय सांगायचं अजून? रोज संध्याकाळी काका जिन्यात भेटत आणि विचारत नसत. न विचारण्याचंही ओझं होतं, ते मी चुकवायला लिफ्टनं जाऊ लागले.

पंधरा दिवसांत ठेकेदारानं काकांना त्या कामावरून काढलं. वय झालं, आराम करा, असं गोड बोलून. दुसऱ्या कुणीतरी सही केली. बागेचं उद्घाटन झालं, फीत कापली गेली, कडुनिंबाखाली पांढऱ्या गोट्यांपाशी उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. मीही त्यात आहे. साडी नेसले होते.

आणि मार्च उजाडला. कडुनिंब गळायला लागला की कसा गळतो हे तुम्ही दिल्लीत राहत असाल तर मी सांगायला नको. दिवसभर नुसता पानांचा पाऊस. गोट्यांचा पट्टा पिवळा झाला, मग तपकिरी, मग वर पाणी मारल्यावर कुजून काळा. त्यात गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, चहाचे कागदी कप. कमलेश सकाळी सहापासून बसून हातानं वेचायची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा भरलेलं. तिचा सगळा वेळ त्या पट्ट्यात गेला, म्हणून बाकीची बागही झाडायची राहू लागली.

लोकांनी काय करावं? फोटो काढले! पट्ट्याचे, कपांचे, आणि उकिडव्या बसलेल्या कमलेशचे. व्हॉट्सॲपवर टाकले आणि खाली लिहिलं की ही बाई कामाच्या वेळी नुसती बसून असते. ते मेसेज फिरत फिरत माझ्यापर्यंत आले आणि वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला बसायला कुणी लावलं होतं? मीच की. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर घरी बसून ते मेसेज वाचत होता.

एका रविवारी कमलेशला काढायचं का यावर रहिवाशांची सभा झाली. ऑफिसकडून सर आणि मी गेलो. दुसऱ्या रांगेत बसलो. मागे भिंतीपाशी कमलेश उभी होती, तिला खुर्ची कुणी दिली नाही. सेक्रेटरी म्हणाले की ह्या लोकांना काम करायचंच नसतं. माना डोलल्या. तेवढ्यात मागून काका उठले. कामावरून काढलेला माणूस, दोन मेट्रो आणि एक रिक्षा बदलून तिथे आला होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की पान गळणं हा कुणाचा आळस नाही, चला, आपण सगळे दहा मिनिटं त्या पट्ट्यात बसून वेचू आणि मग ठरवू. कुणी उठलं नाही.

सेक्रेटरींनी विचारलं, "आप किस हैसियत से बोल रहे हैं?"

"मैं बाग में बैठता हूँ, बस," काका म्हणाले.

लोक हसले. मला त्या हसण्याची अजून चीड येते. आयुष्यभर बागा राखलेला माणूस तो, आणि त्याला हसणाऱ्यांनी घरातलं भांडंसुद्धा कधी विसळलेलं नसेल. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. म्हणाले, तुमच्या मते डिझाइन चुकलंय ना, मग ते केलं कुणी?

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, थोडी पुढे, मान मागे वळवून. उभं राहून चार शब्द बोलायचे होते. ते काम माझं आहे, चूक माझी आहे, बाईला काढू नका, एवढंच. सर शेजारी पायावर पाय टाकून बसले होते. मी बसूनच राहिले.

"वो छोड़िए," काका म्हणाले. "पत्थर हटाइए, इसको रखिए."

त्याच आठवड्यात कमलेशला काढलं आणि पत्थर ठेवले. वर एक बोर्ड लावला की बाग आपली आहे, तिला स्वच्छ ठेवा.

मी एका संध्याकाळी धीर करून काकांकडे गेले. काकूंनी चहा दिला. मी गठ्ठ्यावर बसले आणि काहीतरी पुटपुटले, की त्या दिवशी मला बोलायला हवं होतं. काकांनी पेपरातून डोकं वर काढलं.

"तुझी नोकरी राहिली ना?"

"हो."

"अच्छा," म्हणाले आणि पान उलटलं. 'मॅडम' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

उन्हाळाभर ते पत्रं लिहीत राहिले. ठेकेदाराला, बिल्डरला, रहिवाशांना. कमलेशला परत घ्या, गोटे काढा. पत्र हिंदीत, अक्षर मोत्यासारखं, खाली बागेचा छोटा नकाशा, हातानं काढलेला, आणि त्यात नळ कुठे हवा तेही दाखवलेलं. एकालाही उत्तर आलं नाही. दरम्यान आमच्या नकाशाला स्पर्धेत बक्षीस मिळालं. फोटो अर्थात पानगळीआधीचे होते. ऑफिसात केक कापला. मी खाल्लाही.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली आणि काकांची छाती भरली. डिसेंबरात त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. त्याच आठवड्यात मी शेवटी तो कागद लिहिला. नकाशा माझा, गोट्यांचा पट्टा ही माझी चूक, कमलेशचा काही दोष नव्हता, तिला कामावर परत घ्यावं. सर म्हणाले की हे पाठवलंस तर मला विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा. पाठवला. पण तोवर त्या बागेत कमलेशच्या जागची तिसरी बाई आली होती, आणि माझा कागदही काकांच्या पत्रांच्या वाटेनंच गेला. सरांनी काही विचार केला नाही, म्हणजे माझी नोकरी तेव्हाही गेली नसती. हे कळलं त्याची जास्त लाज वाटली.

काका जानेवारीत गेले.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मराठी मंडळी आली, त्यांच्या जुन्या खात्यातले चार माळी आले, आणि दारात चपला काढून कमलेश आली. आता ती नोएडात कुणाकडे तरी धुणीभांडी करते, अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली होती. काकूंचा हात धरून बराच वेळ बसली. निघताना दारात मला भेटली. तिनं मला ओळखलं, ताबा द्यायच्या दिवशी मी तिथे होते हे तिच्या लक्षात होतं, पण मी कोण ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली की बाबूजी तिच्या घरी दोनदा येऊन गेले, काम परत मिळवून देता आलं नाही म्हणून हात जोडून माफी मागितली. मग तिनं त्यांना विचारलं होतं की ते पत्थर मुळात घातले तरी कुणी.

"बाबूजी बोले, बनानेवाला कोई विलायत का है," कमलेश म्हणाली. "बेचारे ने कभी नीम देखा ही नहीं होगा, तो उसको क्या बोलें."

काकांना मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ते माझ्यासाठी खोटं बोलले होते, आणि तेही हिच्यापाशी, जिचं काम माझ्यामुळे गेलं. मला तिथे उभं राहवेना. पण पुन्हा गप्प बसणंही जमेना.

"मैंने बनाया था," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. मला वाटलं, आता तिखट काहीतरी ऐकवेल. ऐकवलं असतं तर मी ऐकून घेणार होते.

"आप तो यहीं रहती हो, दीदी," ती म्हणाली. मग चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागली, तिला संध्याकाळच्या भांड्यांना पोचायचं होतं.